छातीवरची डबी

गल्लीत तिला सगळे डबीवाली म्हणत, आणि तिच्यासमोरच म्हणत; पाठीमागे म्हणण्यात मजा नव्हती, तिला ऐकूच यायचं नाही. ऐन उमेदीची वर्षं कापडाच्या कारखान्यात मागावर गेली आणि त्या खडखडाटात कानही गेले. तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या आणि मुकादम शेजारी उभा असताना त्याचीच खुशाल टिंगल करायच्या. ती सवय तिची शेवटपर्यंत सुटली नाही. बाकीचं काम डबीने केलं.

डबी म्हणजे कानाचं जुनं यंत्र. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, छातीवर चिमट्याने अडकवायचं, आणि त्याची वायर कानातल्या बोंडापर्यंत. कपड्याला घासलं की खरखर, पंख्याखाली बसलं की वादळ. दिसायलाही अगदी ध्यान. पण त्यावर आवाजाची एक चकती होती आणि ती तिच्या अंगठ्याखाली होती. नवरा भांडायला लागला की ती त्याच्या देखत चकती खाली फिरवायची आणि भाजी निवडायला घ्यायची. "माझं निम्मं बोलणं बाकी आहे आणि हिने दुकान बंद केलं!" म्हणून तो बिचारा कपाळाला हात लावायचा. समेट करायचा तर त्याला जवळ यावं लागे, वाकावं लागे, डबीशी तोंड नेऊन बोलावं लागे. एवढं वाकल्यावर माणसाचा राग टिकतो कुठे? मुलगाही तसाच वाढला, डबीला ओठ लावून शाळेतल्या चहाड्या सांगत. पुढे नवरा गेला, मुलाचं लग्न झालं, आणि एक दिवस डबीची वायर तुटली.

मुलगा डबी घेऊन दुकानात गेला आणि नवं यंत्र घेऊन आला. शेंगदाण्याएवढं, कानामागे बसवलं की दिसतही नाही.

"आणि माझी डबी?" तिने विचारलं.

"अगं, ती आता कोण दुरुस्त करणार? तिथेच टाकून दिली. हे बघ किती छान आहे. याला बटण नाही, चकती नाही. सगळं फोनवरून होतं."

फोन सुनेचा. म्हातारीला कुठे जमणार, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. यंत्र चांगलं होतं, खोटं कशाला बोला. खरखर गेली, वादळ गेलं. पण आता तिच्याजवळ यायचं कुणाला कारणच उरलं नाही. मुलगा बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, सून ओट्याकडे तोंड करून बोलायची, आणि शब्द बरोबर कानात पोचायचे. तिचा हात दिवसातून कितीदा तरी छातीशी जायचा आणि रिकामा परत यायचा. तिला डबीची आठवण यायची, आणि एका भंगार डब्यासाठी जीव तुटतो याची लाजही वाटायची.

मग ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण घर धास्तावलं. दोघंही दिवसभर कामावर, घरात दुसरं कुणी नाही. त्या पडण्यानंतर यंत्र अधूनमधून बसायला लागलं. पंख्याची घरघर मावळायची, भांडी कापसात गुंडाळल्यासारखी वाजायची. सेल उतरला असेल, असं तिला आधी वाटलं. पण एका संध्याकाळी तिने पाहिलं: सुनेचा अंगठा फोनच्या काचेवरून खाली सरकला, खोली गप्प झाली, आणि मग दोघांचे ओठ हलायला लागले.

ती भिंतीला टेकून बसली होती. लहान मूल झोपल्यावर आईबाप बोलतात तसे दोघं निर्धास्त बोलत होते. म्हातारी ओठ वाचते हे सुनेला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मुलगा सोयीस्कर विसरला होता.

"वृद्धाश्रमात जागा झाली आहे. आता नाही म्हटलं तर परत मिळणार नाही," सून म्हणाली.

"आईला सांगायचं कसं?"

"तुम्हीच सांगा. दिवसाढवळ्या पुन्हा पडल्या, तर कोण आहे घरात?"

सून खोटं बोलत नव्हती, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. म्हातारीला जाण्याचं दुःख होतंच. पण आपल्याला आधी बहिरं करून मग आपल्याबद्दल ठरवलं, हे तिला जास्त लागलं. निदान सांगायला तरी मुलगा जवळ येईल, म्हणून ती वाट बघत राहिली.

मुलाने टेबलाच्या पलीकडूनच सांगितलं, आवाज नीट वाढवून. "आई, थोडे दिवस बदल म्हणून..."

"खिडकीजवळची कॉट मागून घे," ती म्हणाली.

मुलाने आधी सुनेकडे पाहिलं, मग फोनकडे. त्याचा चेहरा उतरला. लहानपणी आपण तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलंसुद्धा या बाईने ओठांवरून पकडलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं असावं. त्याने मान खाली घातली, पण बेत काही बदलला नाही.

सोडायला दोघंही आली. आश्रमाच्या बाईंशी आजारपणाचं, शेवटचं वगैरे बोलायचं होतं, म्हणून सुनेने आवाज खाली नेला. निघताना रडारड झाली, आणि आवाज वाढवायचा राहून गेला. फोन सुनेबरोबर घरी गेला. इथल्या बायकांचे ओठ वाचावेत तर निम्म्यांच्या तोंडात दात नाहीत. ओठ आत वळलेले, शब्द कुठून दिसणार?

पहिल्या आठवड्यात मुलाचा फोन आला. आश्रमाच्या बाईंनी तिच्यासमोर बसून विचारलं, "ऐकायला येतं का नीट, असं विचारतायत."

"अजिबात येत नाही," ती मोठ्याने म्हणाली, फोनच्या पलीकडे थेट पोचेल असं. "म्हणावं, येऊन बघ."

बाई फोनवर काहीतरी बोलल्या, मग तिच्याकडे वळल्या. "रविवारी बघतो म्हणाले."

रविवारी तिने ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरले आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. रागावायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. येईल, वाकून कानामागे बघेल, तेवढ्यात त्याच्या डोक्यावरून हात फिरवता येईल. जेवणाची वेळ टळली तरी ती उठली नाही. दुपार कलल्यावर आश्रमाच्या बाई हसत हसत आल्या, आपला फोन तिच्या कानाजवळ धरला आणि त्यावर काहीतरी दाबत राहिल्या.

आणि आवाज आला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, आतल्या कॉटवरची बाई कण्हत होती तेही ऐकू आलं.

"झालं बघा, आजी!" बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलाने घरबसल्या यंत्र माझ्या फोनला जोडून दिलं. म्हणाले, आता काही बिघडलं तरी इथूनच करता येईल, यायची गरज नाही."

यातला एकही शब्द तिला ओठांवरून वाचावा लागला नाही. "बरं," ती म्हणाली, आणि कपडे बदलायला आत गेली.