दुखलं की एक फेरी जास्त

देऊळघाटच्या शाळेत रंगराव सर तीस वर्षं पीटी शिकवत होते आणि मी गणित. पोरं माझ्या तासाला झोपत, त्यांच्या तासाला रडत. बूट विसरले, उठाबशा. उशीर झाला, उठाबशा. आणि कुणी पाय दुखतो म्हणालं, तर मैदानाला एक फेरी जास्त. "दुखणं म्हणजे फुकटचा पाहुणा," सर सांगत. "त्याले चहा पाजला का मुक्कामच करते."

निवृत्तीनंतर माणसं देवळात बसतात, नाहीतर माझ्यासारखी दारात. सरांनी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या सहा मुली गोळा केल्या. पहाटे पाचला त्या स्टँडवर जमत आणि बुलढाण्याच्या रस्त्याला लागत. पुढे मुली, मागे शिट्टी घेऊन सर. अशा वेळी डांबरी रस्त्यावर मुली पाठवायला गाव तयार झालं ते फक्त या माणसाच्या पायांच्या भरवशावर. स्टँडवर चहाची टपरी असलेला गोविंदा, छकुलीचा बाप, तर तोंडावर म्हणाला होता, "सर, तुमी संग धावता म्हणून पाठवतो. तुमी थांबले त पोरगीबी थांबली."

दिवाळीनंतर सरांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आधी जिना उतरताना, मग बसून उठतानाही. सर तत्त्वाचे पक्के, त्यांनी नियम स्वतःलाही लावला आणि रोज एक फेरी जास्त मारली. गुडघ्याने ऐकलं नाही. तो काही त्यांच्या वर्गात नव्हता.

मग गाव उपचाराला उतरलं. आपल्याकडे गुडघा दुखणाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. मोहरीचं तेल आलं, लसणाचं आलं, रुईची पानं गरम करून बांधून झाली. सरांच्या घरावरून जाताना फोडणी भाजीला बसली की गुडघ्याला, ते कळेनासं झालं. कुणीतरी जळगाव जामोदकडच्या एका नस बसवणाऱ्याचं नाव सांगितलं. सर एसटीत गुडघा दुमडून तासन्‌तास बसले, तिथे आणखी ओढून घेतला आणि लंगडत परत आले. शेवटी वहिनींनी पाय खाली टाकायचा नाही, असं फर्मान काढलं. आयुष्यात कधी न विसावलेल्या माणसाने विसावाही शिक्षेसारखाच घेतला. तीन आठवडे खाट सोडली नाही.

तेवढे दिवस मुलींच्या मागे मी जुन्या स्कूटरवर शिट्टी वाजवत गेलो. गोविंदा हसला नाही. "महिना पाह्यतो," एवढंच म्हणाला. चौथ्या आठवड्यात सर आले, धावायला लागले आणि पहिल्या पुलाशीच खाली बसले. त्या दिवशी मला त्यांची खरंच कीव आली. तसं बोललो असतो तर मलाही फेरी लागली असती, म्हणून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांना बुलढाण्याला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. दारावरची पाटी वाचून सर थबकले. रेणुका, आमचीच विद्यार्थिनी. आठवीचं अख्खं वर्ष तिने वर्गात कमी आणि उठाबशांत जास्त काढलं होतं.

तिने सरांना पायरी चढायला-उतरायला लावली, मांडी चाचपली, एक्स-रे उजेडावर धरला. "सर, वयाच्या मानानं गुडघा बरा आहे. थोडी झीज आहे, पण तिच्यापायी धावणं सोडाची गरज नाही. दिवाळीनंतर किती वाढवलं धावणं?"

"तीनाचे सहा किलोमीटर. भरती जवळ आली न."

"किती दिवसात?"

"आठवड्यात."

"मांडीत ताकद आली नाही अन् रस्ता दुप्पट झाला. मंग तीन आठवडे खाटेवर, म्हणजे होती तेबी ताकद गेली." तिने कागद ओढला. "खुर्चीवरून सावकाश उठाचं, सावकाश बसाचं. दहा-दहा वेळा, तीनदा, एक दिवसाआड. धावणं सध्या थोडं, मधीमधी चालाचं. दुखण्याले दहापैकी मार्क द्याचे, तीनाच्या वर गेले का धावणं कमी कराचं."

सर कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे उठाबशा?"

"हाव सर."

मी हसलो. रेणुका हसली नाही. "अन् मुलींचं काय? त्यायचेबी तीनाचे सहाच केले न?"

"त्यायले काही नाही. कोणी बोललं नाही."

"आठवीत मीबी नव्हती बोलली, सर," रेणुका म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्टँडवर गेलो, तर महिना भरला म्हणून गोविंदा टपरी सोडून उभाच होता. "सर, आजपासून छकुली येणार नाही," त्याने सुरुवात केली. सरांनी त्याला हाताने थांबवलं आणि मुलींकडे वळले. "कोणाचा गुडघा दुखते?"

धम्मशीला, सगळ्यांत पुढे धावणारी, बुटांकडे बघत राहिली.

"फेरी नाही देत. माहाबी दुखते."

पहिला हात धम्मशीलाचा वर गेला. मग आणखी दोन. चौथा छकुलीचा.

"कधीपासून वं?" गोविंदाने विचारलं.

"दिवाळीपासून."

"घरी काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले सांगतलं असतं त तुमी बंद केलं असतं," छकुली म्हणाली. "सरले सांगतलं असतं त एक फेरी जास्त."

मी दोघांकडेही पाहायचं टाळलं. मीही तीस वर्षं त्याच शाळेत होतो, आणि खिडकीतून त्या फेऱ्या मोजायला मला चांगलं येत होतं.

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. गोविंदा टपरीकडे गेला आणि पाच खुर्च्या ओढत घेऊन आला. एक त्याने सरांपुढे ठेवली, चार मुलींपुढे. सर बसले, दोन्ही हात छातीशी धरले आणि हळूहळू उठले.

"एक," छकुली म्हणाली. "सर, अजून सावकाश."