नानांचं एकच झाड

कंदवाले नाना कोणाचीही केळीची बाग पाहायला गेले की आधी आपलंच झाड ओळखत. सावद्यापासून रावेरपर्यंत बऱ्याच बागा त्यांनी दिलेल्या कंदांवर उभ्या होत्या. मालक खतपाण्याचं सांगू लागला की नाना म्हणत, "ते बठ्ठं बरोबर. पन झाड माझं शे." नाना मूळचे धुळ्याकडचे, हयात सावद्यात गेली, बोलणं तिकडचं राहिलं: सगळं म्हणजे 'बठ्ठं', आहे म्हणजे 'शे'.

हा गर्व नव्हता; त्यांच्या मते ती माहिती होती. केळीला बी नाही, नर-मादी नाही. बुंध्याशी पील फुटतं, ते कंदासकट खणून दुसरीकडे लावायचं. म्हणजे झाड फक्त जागा बदलतं. पपई लावणाऱ्यांची त्यांना कीव येई. "नर किती, मादी किती, फूल येईस्तोवर मालकालेच माहीत नई. असा संसार कोन करी?" नानांना चार मुलं होती आणि चौघांचे चार स्वभाव. विषय निघालाच तर ते म्हणत, "ते पपईवर गेले."

एका वर्षी आमच्या नव्या बागेत पानांवर पिवळे पट्टे उमटले, मधली गुंडाळलेली कोवळी पानं, म्हणजे पोंगे, सडू लागले. कंद नानांचे होते. नाना आले, चार ओळी फिरले आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची बाग उपटायला घेतली. ती हिरवीगार होती. रोग किडीने आमच्याकडेच आणला असेल, असं वडिलांनी सांगून पाहिलं. नानांच्या थोरल्या मुलाने निदान एक ओळ ठेवा म्हणून विनवलं. उभं आयुष्य जपलेलं वाण होतं. नाना म्हणाले, "एक ठेवलं म्हणजे बठ्ठं ठेवलं."

आमचीही बाग उपटली. वडिलांनी मात्र नानांच्या बागेतलं एक पील गुपचूप आणून परसात लावलं. वर्षभराने घड लागला. पानावर डाग नव्हता. तेव्हा त्यांनी नानांना चहाला बोलावलं आणि परसात नेलं. बुंध्याशी तीन पिलं उभी होती.

"न्या, नाना. झाड स्वच्छ आहे."

"दिसाले तं माझी बाग बी स्वच्छच व्हती."

"मग उपटू?"

नानांनी घडाला हात लावून पाहिला. "घड पिकू दे, भाऊ. पानी दे. पील मात्र कापत जाय."

वडील दर आठवड्याला पील कापत. घड उतरला तेव्हा एक फणी नानांकडे पोचवली. मिळाल्याचा निरोप आला. चवीबद्दल त्यांनी काही कळवलं नाही. केळीचं खोड एकदाच घड देतं. ते आडवं झाल्यावर वडिलांनी कंद खणून काढला, त्याच्या चार फोडी केल्या आणि पुन्हा फुटू नयेत म्हणून उन्हात वाळत टाकल्या.