चिचेवाली, उपासी, सासू-सून

१० जुलै. दुकानातला जुना संगणक भंगारात द्यायचा आहे. त्याआधी त्यातलं कामाचं तेवढं काढून घ्यायचं. पेटी गरम झाली का बघायला मी तिला उलटा हात लावला आणि थांबले. ही सवय माझी नव्हे.

सवय आमच्या लाइनमन काकांची. दुकानात आले की "जयभीम, बाई" म्हणायचे आणि समोर जे असेल त्याला उलटा हात लावून बघायचे. स्विचबोर्ड, कूलर, माझा कळफलक. आंधळगावकडच्या खेड्यांत ते आयुष्यभर लाइनमन होते. करंट असलेल्या वस्तूला तळहात लावला तर बोटं आवळतात आणि सुटत नाहीत; उलटा हात झटक्यानं मागे येतो. एका लग्नात त्यांनी पाण्याच्या तांब्यालाही उलटा हात लावलेला मी पाहिला आहे. असा लाइनमन तुमच्याही पाहण्यात असेल, तर हसू नका. सरळ हात लावणारे निवृत्तीपर्यंत पोचत नाहीत.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा त्यांना तिकडे बदली मिळत होती, बढतीसकट. घेतली नाही. इकडच्या खांबांची ओळख झाली आहे, म्हणाले.

भंडाऱ्यात माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, फॉर्म, आणि मागेल त्याला वेबसाइट. भांड्यांच्या दुकानवाल्यांना, शिकवणीवाल्यांना मी साइट करून दिल्या आहेत. काका निवृत्तीनंतर तिथं तीन रजिस्टरं घेऊन आले. त्यात बांध्यांची नावं होती. धानाच्या प्रत्येक बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या खाचराला, आमच्याकडे नाव असतं. सातबाऱ्यावर ते नसतं, तिथं नुसता गट क्रमांक. नाव असतं राबणाऱ्यांच्या तोंडी. चिचेवाली, जिच्या बांधावर चिंच आहे. सासू-सून, म्हणजे एका बांधावरच्या दोन, एकीत पाणी राहतं आणि दुसरीत टिकत नाही. उपासी, जिच्यात लोंबी कधी भरतच नाही. मोटर बंद पडली की लोक लाइनमनला बांधीचं नाव सांगत, म्हणून त्यांना सगळी ठाऊक. चारशेच्या वर.

एवढं कशाला, असं मी विचारलं. माझा प्रश्न नेहमी हाच असतो.

"माह्या मायच्या नावावर एक बी बांधी नोहती," ते म्हणाले. "जनमभर दुसऱ्याइच्या बांधीत रोवना केला तिनं. पन नावं साऱ्याइची पाठ. ते गेली, आता मले पाठ आहेत. मंग, माह्या मागं?"

"मंग, माह्या मागं?" हे त्यांचं पालुपद. नवी चप्पल घेतली तरी विचारायचे, ही माह्या मागं कोन घालन.

मी त्यांना दोन वाटा सांगितल्या. एक फुकटचा प्लॅटफॉर्म: जागा कंपनीची, डोक्यावर कंपनीच्या जाहिराती, पत्त्यात कंपनीचं नाव. दुसरा पैशांचा: स्वतःचा पत्ता, जाहिरात नाही, पण दर मुदतीला नूतनीकरण. दाखवण्यापुरती फुकटच्या जागेवर मी एक साइट उभी केली आणि पहिल्या रजिस्टरातली अकरा नावं टाकली. उपासीच्या डोक्यावर केसांच्या तेलाची जाहिरात आली. मला ते सहन होईना. त्यांना चालत होतं.

"हेच राहू दे, बाई. बिलच नाही तं तोडन कोन? बिल थकलं का म्या सोता तारा काढल्या आहेत लोकाइच्या. पोरगी आजारी आहे म्हनून हात जोडत, तरी काढल्या."

मी हसले. माझं काम मला कळतं, असा माझा समज होता. फुकटवाले कधीही गाशा गुंडाळतात, तुमच्या आईची नावं तेलाच्या बाटलीखाली ठेवता का, असं बोलले. या शेवटच्या वाक्यावर त्यांनी मान डोलावली. मला माहीत होतं, ते कुठं लागेल.

साइट मी त्यांच्याच नावानं केली. त्यांचा मोबाइल नंबर, त्यांचा ईमेल. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाची साइट स्वतःच्या नावावर घेऊन त्याला अडवणारे पुष्कळ आहेत. मी ते करत नाही, आणि हे मी दुकानात चारचौघांत सांगते. सगळ्यात लांबची मुदत होती तीन वर्षांची, ती घेतली. मग त्यांना शिकवलं, आणि उरलेली नावं त्यांनी स्वतःच चढवली, मोबाइलवर, एका अंगठ्यानं. नाव टाकायचं आणि मला फोन करायचा, "साइटवर दिसते का पाय." दिवसाला चार-पाच फोन. मी कधी कधी उचलत नसे.

सगळं संपल्यावर रजिस्टरं घेऊन आले. ठेवू का रद्दीत देऊ, असं त्यांनी विचारलं.

"आता कायले ठेवता, काका," मी म्हटलं. "सगळं साइटवर आहे." रजिस्टरं रद्दीत गेली.

दुसऱ्या वर्षी ते गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मी गेले, काकूंजवळ बसले, चहा घेतला, परत आले. त्यांचा मोबाइल कोनाड्यात बंद पडून होता. तो मी पाहिला. पाहिला आणि मनात काहीही आलं नाही.

आज त्या संगणकात त्यांच्या नावाची फाइल दिसली, म्हणून साइट उघडली. त्या पत्त्यावर आता परदेशातल्या कुठल्या तरी बुटांचं दुकान आहे. मुदत मागच्याच वर्षी संपली होती. सूचना त्यांच्या ईमेलवर गेल्या असणार, आणि तो उघडायला ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. कंपनीला लिहून विचारलं. मुदतीनंतर मजकूर पुसला जातो, असं सभ्य उत्तर आलं. त्यांचा नंबर लावून पाहिला. एक बाई बोलली, अनोळखी. स्वयंपाकात होती. राँग नंबर म्हणाली.

मग ती नमुन्याची साइट आठवली. उघडेल असं वाटलं नव्हतं. उघडली. वर दागिन्यांची जाहिरात, खाली चिचेवाली, उपासी, सासू-सून. अकराच्या अकरा. तारा कुणी काढल्या नव्हत्या.

त्या पानाची छापील प्रत काढली आणि दुकान बंद केलं.

११ जुलै. सकाळच्या एसटीनं आंधळगावला गेले. काकूंना सगळं सांगितलं, रद्दीचं माझं वाक्यसुद्धा. त्यांनी छत्री घेतली आणि माझ्या पुढे चालू लागल्या. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. पहिल्या बांधीत सात-आठ बायका वाकलेल्या. मी बांधावरून विचारलं, हिचं नाव काय.

"कायले पायजे?" एकीनं मान वर न करता विचारलं.

"आमच्या लाइनमनले पायजे," काकू म्हणाल्या.

ती सरळ झाली, चिखलाचा हात कमरेला पुसला आणि नाव सांगितलं. माझ्या अकरात ते नव्हतं. मी नव्या वहीत १ आकडा घालून लिहून घेतलं आणि पुढच्या बांधाकडे निघाले.