मशीनवाले हवालदार

आष्ट्यातले एक निवृत्त हवालदार सोनं शोधायचं, घरीच जोडलेलं मशीन घेऊन, कानाला हेडफोन लावून रानोमाळ हिंडायचे. मी मोजून पाहिलं होतं. सहा बोटं खोल पुरलेली अंगठी मशीनला कळायची, आठ बोटांवर ते गप्प. खिळा असो की सोनं, आवाज एकच.

माझ्या बायकोच्या गळ्यातल्या माळेतली सोन्याची पुतळी आमच्या रानात पडली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर यायचा होता; नांगरलं की ती खोल जाणार, म्हणून हवालदारांना बोलावलं. त्यांनी दिवसभरात बैलांच्या खुरांतून गळलेले नालांचे तेवीस खिळे उकरले. सकाळी ट्रॅक्टर आला, तर हे त्याच्यापुढंच मांडी घालून चोविसावा खड्डा उकरायला बसले.

"आवं उठा की, डिझेल जळतंय!" ड्रायव्हर ओरडला.

"जळू दे रं गड्या."

त्याच खड्ड्यात पुतळी निघाली. बायको रडायलाच लागली. हवालदारांनी पुतळीवरून पुन्हा मशीन फिरवलं.

"बगा वैनी, खिळ्यावानीच वरडतंय. ह्याला सोन्याचं काय कौतिक न्हाई."