टेकडीवरचा दहावा

सोपान गेल्याची बातमी घेऊन बबन माझ्या दारात आला, तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. अंगात ताप होता म्हणून मी कामावर गेलो नव्हतो आणि वालचंदनगरच्या वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर स्वेटर घालून कुरकुरत बसलो होतो. चिखलाचे पाय, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, असा एक माणूस फाटकाला सायकल टेकवून उभा राहिला. म्हणाला, "मी बबन. सोपान फिटरचा भाऊ. दादा गेले." पहाटे विहिरीवर मोटार चालू करायला गेलेला सोपान तिथंच, स्टार्टरच्या पेटीखाली बसून राहिला होता. बबनलाच तो आधी दिसला. बबन सांगत होता आणि माझ्या तापलेल्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती... हा माणूस सोपानला 'दादा' म्हणाला. कळंबला एकाच बांधाच्या दोन अंगांना राहणारे हे सख्खे भाऊ, कित्येक वर्षांत, एक फोन सोडला तर, एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

कारण काय, ते अख्ख्या कळंबाला माहीत आहे, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही. यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. वडील गेल्यावर सोपान कारखान्यात चिकटला आणि मेंढरामागं बबन राहिला. सोपानला शेती बागायती करायची होती, विहीर खोल न्यायची होती. बबन बहिणीच्या गावाला गेला असताना सोपाननं सगळा कळप बाजारात उभा केला आणि विकून टाकला. बबन परत आला तर मेंढरांचं वाडगं रिकामं. तो भांडला नाही, ओरडला नाही, फक्त बोलायचा थांबला. सोपानही काही नरम पडणारा नव्हता. "घराच्या भल्यासाठीच केलं की मी," म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. विहिरीचं पाणी दोघंही पाळीपाळीनं घेत होते. मधे होती आई. "त्याला म्हनावं, आज पानी मी घेनार," हा म्हणायचा, आणि म्हातारी बांध ओलांडून निरोप पोचवायची. दोघं पाच पावलांवर उभे असले तरी निरोप म्हातारीच्याच तोंडून जायचा. मला हा प्रकार बघून चीड यायची. आमच्या लोणी भापकरला भाऊबंदकी काय कमी होती का, पण तिथं माणसं निदान शिव्या तरी देत.

पाच-सहा वर्षांपूर्वी कारखान्यानं आम्हा दोघांना ऑस्ट्रियात ग्राझ नावाच्या शहरी पाठवलं. आम्ही मागवलेली एक मशीन तिथं तयार होत होती. ती चालवून बघायची, पारखायची आणि मग ताब्यात घ्यायची. मी इन्स्पेक्शनचा म्हणून कागद माझ्याकडं, आणि सोपान फिटर म्हणून हात त्याचे. निघताना त्याची आई अंथरुणाला लागलेली होती. मी म्हटलं, राहू दे, दुसऱ्याला नेतो. तर म्हातारीच त्याला म्हणाली म्हणे, "जा रं, इमानात बसून यं, मी कुठं पळून चालले?" आम्ही जाऊन आठवडा होतो न होतो तोच ती गेली. अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. सोपान रडला नाही. लॉजच्या न्हाणीघरात जाऊन दाढीच्या रेझरनं स्वतःचं डोकं भादरून आला, दोन-तीन ठिकाणी कापून घेतलेलं. मागचं राहिलेलं मी करून दिलं. आमच्यात दहावा नसतो, चाळिसावा असतो, त्यामुळे असं काही करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी योहाननं, म्हणजे त्या कंपनीनं आमच्या दिमतीला दिलेल्या म्हाताऱ्यानं, ते तुळतुळीत डोकं पाहिलं आणि काही विचारलं नाही. सोपाननंच मला बजावलं होतं, "ह्यांना सांगू नका. उगं तोंड पाडून बसत्याल."

दहावा नेमका सुट्टीच्या दिवशी आला. योहाननं आम्हाला शहर दाखवायचं आधीच ठरवलं होतं; गावाच्या मधोमध एक टेकडी आहे, तिच्यावर बाग, वर घड्याळाचा मनोरा. सकाळपासून पाऊस लागलेला. आपल्याकडचा नव्हे... बारीक, गार, दिवसभर कुणीतरी चाळणीतून पाडत राहावा तसला. आठच्या सुमाराला लॉजच्या बाईनं फोन आला म्हणून खाली बोलावलं. मी उचलला. पलीकडून खरखर आणि एक अनोळखी आवाज, "सोपान फिटरला द्या जरा." मी रिसीव्हर सोपानच्या हातात दिला. तो ऐकत राहिला. ऐकताना त्याची पाठ ताठ झाली. शेवटी एकदाच "हं" म्हणाला. काही वेळानं रिसीव्हर खाली ठेवला.

"बबन हुता," तो म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. "नदीवरनं मोटारसायकल पळवत बूथवर आलाय. म्हनतो, कावळा शिवंना. सगळी बोलून दमली. तुमी बोला म्हनतोय."

जे वाचक आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दहाव्याला नदीवर भाताचा पिंड ठेवतात. कावळा शिवला की गेलेल्याचा जीव शांत झाला असं धरतात. शिवला नाही तर काहीतरी इच्छा राहिली म्हणायची. मग घरचा एकेक माणूस पुढं होतो आणि बोलतो, तुझ्या लेकीला मी बघीन, तुझी गाय विकणार नाही. ज्याचं बोलणं बरोबर बसेल त्याला कावळा येतो. म्हातारीची कोणती इच्छा राहिली होती हे कळायला ज्योतिषी नको होता. दोन पोरांनी आपसात बोलावं, एवढंच. आणि ते बोलणं थोरल्याच्या तोंडून यायचं होतं.

"मग बोललास का?"

"हं म्हनलो."

"हं म्हणजे काय?"

"त्याच्यासंगं फोनवर काय बोलायचं, हमीदभाई? इतक्या दिसांनी?... आता दर्भाचा कावळा करून शिववत्याल. झालं मग." एवढं बोलून तो वर गेला. मला वाटलं आता अंथरुणात तोंड खुपसून पडेल आणि मी योहानला परत पाठवीन. पण हा कपडे करून, कानटोपी घालून, एक डबा काखेत मारून खाली आला. म्हणाला, "चला." डब्यात आदल्या दिवशीचा भात होता. मी म्हटलं चला, जेवणाची तरी सोय झाली. कशासाठी घेतलाय हे मला कळलं नाही.

टेकडीवर चढणारी एक छोटी रेल्वे आहे. तिनं वर गेलो. योहान आपला छत्री धरून उत्साहानं दाखवतोय... हा सिंहाचा पुतळा, ही जुनी विहीर, खाली ती नदी, ते लाल कौलांचे वाडे. धुक्यानं कौलं अर्धीच दिसत होती. माझ्या बुटांत पाणी शिरलेलं, आणि पावसात बागा कसल्या बघायच्या म्हणून मी मनातल्या मनात सगळ्यांना लाखोली वाहत होतो. घड्याळाच्या मनोऱ्याखाली योहाननं एक गंमत सांगितली: त्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं. मी ते सोपानला सांगितलं. एरवी यंत्राची अशी काही भानगड दिसली की तो तासभर हलला नसता. त्या दिवशी त्यानं वर पाहिलंही नाही. तो कठड्यावर बसलेल्या कावळ्यांकडं बघत होता. तिकडचे कावळे आपल्यापेक्षा अंगानं मोठे, डोकं नि पंख काळे, बाकी अंग राखी. "बंड्या घातल्यात," सोपान म्हणाला. त्या दिवसातलं तेवढंच काय ते हलकं बोलणं.

पुढं एका वळणावर दगडी कठडा होता, मागं चेस्टनटची मोठी झाडं. योहान तिकडं दुसऱ्या कुणाशी तरी बोलत थांबला. सोपाननं खाली पडलेलं एक रुंद पिवळं पान उचललं, कठड्यावर ठेवलं, डब्यातला भात त्यावर मुठीनं गोल करून काढला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं कानटोपी काढून खिशात घातली. पाऊस त्या भादरलेल्या डोक्यावरून ओघळून कॉलरमध्ये जायला लागला. मी छत्री पुढं केली, तर त्यानं हातानंच बाजूला सारली. आता हा बोलणार, बबनचं नाव घेणार, आणि इतक्या वर्षांचं ते घाणेरडं मौन इथं परक्या मुलखात संपणार, असं मला मनापासून वाटलं. त्यानं हात जोडले. घसा खाकरला. "आये..." म्हणाला.

आणि झडप घालून कावळा आला. एक आला, दोन आले, पुढच्या क्षणी पाच-सहा. भात उडाला, पान खाली पडलं. सोपानचे हात जोडलेलेच, तोंड उघडलेलंच.

"शिवला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मी अजून काय बोललोच न्हाय," सोपान म्हणाला.

तेवढ्यात पलीकडच्या बाकावर एक लहान मुलगी किंचाळली. तिच्या हातातला पाव एक कावळा सरळ ओढून घेऊन गेला होता आणि तिची आई हसत होती. आल्यागेल्याच्या खाऊवर सोकावलेले कावळे ते. सोपाननं ते पाहिलं. इतका वेळ कोरडे राहिलेले त्याचे डोळे तेव्हा भरले. "ही तर मागून खानारी हायत, हमीदभाई. ह्यांचं शिवनं धरायचं का?"

"कावळा तो कावळा. शिवला म्हणजे शिवला."

"पन बोललो न्हाय मी."

"मग आता बोल ना बाबा."

त्यानं रिकाम्या डब्यात पाहिलं. "आता कुनाला बोलू? भात तर संपला." आणि कानटोपी न घालताच तो चालायला लागला. त्यानंतर योहाननं आम्हाला काय काय दाखवलं, मला काही आठवत नाही.

परत आल्यावर तो बबनशी बोलेल असं मला वाटलं होतं. बोलला नाही. उलट त्या टेकडीनं त्याला एक कायमचं दुखणं लावून दिलं. रविवारी सकाळी तो कळंबहून सायकलनं माझ्याकडं यायचा, खुर्ची दिली तरी ओट्याच्या पायरीवरच बसायचा, चहा बशीत ओतायचा, आणि कधी ना कधी गाडी तिथंच यायची. एका रविवारी म्हणायचा, "आयनं सोडलं मला. न मागताच शिवली. बोलायची गरज न्हवती म्हनून." पुढच्या रविवारी म्हणायचा, "त्यात आय कुठली आली हो? हावरी कावळी हुती ती." मी म्हणायचो, अरे, बांधापलीकडं भाऊ आहे तुझा, कावळ्याला कशाला विचारतोस? त्यावर तो चहाची बशी तोंडाला लावायचा. आता म्हातारी नव्हती. पाण्याच्या पाळीचा निरोप पोरं पोचवत. चांगला माणूस होता हो. माझ्या मुलीच्या लग्नात तीन दिवस जेवणाच्या हंड्यापाशी उभा होता, कुणाचं काही अडलं तर आधी धावणारा. तेवढी एक गाठ मात्र त्याच्यानं सुटली नाही, आणि ती सुटत नाही याचा त्रास त्यालाच सगळ्यांत जास्त होता. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो.

त्याचा दहावा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी बबन पुन्हा माझ्याकडं आला. मी खुर्ची दिली, तो खुर्चीत बसला. चहा झाला. बराच वेळ टॉवेलाची दशी पिळत राहिला आणि मग म्हणाला, "वहिनी म्हनत्यात, तितं परदेशात दादानं आयचा पिंड ठेवला हुता. तुमी हुता संगं. त्यो... माझं नाव घेऊन काय बोलला हुता का?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. सोपं होतं ते. ऐकणारा खूश झाला असता, गेलेलाही काही उठून बोलणार नव्हता. पण सोपान स्वतःशी जे खोटं बोलू शकला नव्हता, ते मी त्याच्या नावावर कसं खपवू? मी झालं तसं सांगितलं. भात, पान, "आये" एवढा एकच शब्द, आणि कावळे.

बबन मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "त्या दिशी नदीवर मला बी सगळी म्हनली हुती. बबन, तू बोल, दादासंगं बोलीन म्हन, मंग बघ कसा शिवतोय. कावळं समदी चिचंवर बसल्याली. मी म्हनलो, आधी दादाला बोलू द्या. त्यानं मेंढरं इकली, त्यो बोलंल आधी. म्हनून तर बूथवर गेलो." पुढं म्हणाला, "फोनवर दादा हं म्हनले. मी बी हं म्हनलो. आन ठिवला."

मला दोघांचाही इतका राग आला, की मी उठून आत गेलो आणि उगाच माठातलं पाणी पिऊन आलो. बाहेर आलो तर बबन खुर्चीवरून उठून खाली पायरीवर बसला होता. सोपान तिथं बसायचा हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. उन्हामुळे सरकला असेल. जायची घाई दिसत नव्हती.

"तितं लय पाऊस हुता म्हनता?" त्यानं विचारलं.

"दिवसभर."

"आन डोकं भादरल्यालं." तो रस्त्याकडं बघत होता. "थंडी वाजली आसंल दादाला."

"वाजली असणार," मी म्हटलं. "पण तो काही सांगणाऱ्यातला नव्हता."

"न्हाय," बबन म्हणाला. "आमच्यात कुनीच न्हाय."