व्हॉल्व्हच्या पुढचा चढ

आमच्या शेजारच्या वहिनींची इलेक्ट्रिक सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी असते, पण तिची बॅटरी मात्र वहिनींच्या पलंगावर, डाव्या बाजूला झोपते. ‘झोपते’ हा शब्द त्यांचाच. थंडीत बॅटरी बाहेर राहिली की तिचा दम लवकर संपतो, म्हणून वहिनींचे यजमान ती घरात आणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवत. यजमान गेले, पलंगाची ती बाजू रिकामी झाली आणि बॅटरी कोपऱ्यातून वर आली. चार्जिंग फरशीवरच होतं, पण एकदा ते झालं की जुन्या चादरीत गुंडाळून तिला पलंगावर ठेवतात.

“वहिनी, उशीसुद्धा दिलीत की तिला!” मी एकदा म्हटलं.

“मान अवघडते हो तिची,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा.

यजमान डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. रोज सकाळी वर जायचं, वाटेत मोठ्या खडकापाशी पाइपचा व्हॉल्व्ह फिरवायचा, मग टाकीशी पोचून पाणी किती आहे ते बघायचं, त्यात औषध टाकायचं. वाट दगडांची. म्हणून त्यांनी हौसेनं ही डोंगरावर चालणारी सायकल घेतली होती. जाड टायर, पुढे धक्के सोसणारे स्प्रिंगचे दांडे, पॅडलपाशी पोटात मोटर. तुम्ही पॅडल मारलं की ती आपला जोर त्यात मिळवते. मागच्या हिवाळ्यात त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला, सायकलवर बसले, बटण दाबून ती चालू केली आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. सापडले तेव्हा खडकाला टेकून सायकलवर बसलेलेच होते. हँडलवरचा छोटा पडदा उजळलेला होता.

त्यांचे दिवस झाल्यावर वहिनी पाणीखात्याच्या साहेबांकडे गेल्या. “इतकी वर्षं त्यांचा डबा भरला, आता टाकी भरते,” म्हणाल्या. साहेब हसले आणि तात्पुरतं काम दिलं. सहामाही संपताना ते स्वतः वर येऊन बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. वहिनींनी जन्मात कधी पगार हातात घेतलेला नव्हता. त्या कामावर त्यांचा जीव जडला.

सायकल त्या शाळेच्या मैदानावर शिकल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेली मी पायरीवर बसून वर्गातल्यासारख्या सूचना केल्या आणि त्यांनी वर्गातल्यासारख्याच त्या ऐकल्या नाहीत. पण पुढे त्यांनी ती सायकल अशी सांभाळली, की काय सांगू! रोज खाली आल्यावर चिखल ओल्या फडक्यानं पुसायच्या, पाण्याचा फवारा कधी मारायच्या नाहीत. साखळीच्या कड्या जुन्या टूथब्रशनं घासायच्या, तेलाचा थेंब टाकून जास्तीचं तेल पुसून घ्यायच्या. टायर अंगठ्यानं दाबून बघायच्या, लेकराचं पोट बघावं तसं.

एक दिवस त्या माझ्याकडे चहाला आल्या आणि कप हातात तसाच धरून बसल्या.

“बाई, व्हॉल्व्हपर्यंत गाडी फुलासारखी जाते. तिथून पुढे जड होते.”

“चढ असेल तिथे.”

“चढ खाली जास्त आहे. कुणी मागे बसल्यासारखी होते हो. मला शेवटी ढकलत न्यावी लागते.”

त्या सायकलला मागे बसायला जागाच नाही. हे त्यांनाही माहीत होतं.

आम्ही सायकल पानाकडे नेली. पाना म्हणजे आमचा सायकल दुरुस्त करणारा. माझ्याच हाताखाली शिकला, आता केस पिकलेत, पण नाव तेच राहिलं. त्यानं चाकं फिरवली, ब्रेक घासतोय का ते पाहिलं, मोटरला लॅपटॉप जोडला, मग रस्त्यावर एक फेरी मारून आला.

“ठणठणीत आहे. वहिनी, तुम्ही चालू करताना पॅडलवर पाय ठेवता का?”

“नाही रे. बाजूला उभी राहून चालू करते, मग बसते. तूच शिकवलंस.”

“कारण कसं आहे, चालू होताना ही समजते की पॅडल मोकळं आहे. तेव्हा पायाचा भार असला, तर तो भारच शून्य धरून बसते. वजनकाट्यावर आधी भांडं ठेवून शून्य करतात ना, तसं. मग तुमचा तेवढा जोर हिच्या हिशेबात येतच नाही. मदत कमी, गाडी जड.” तो हात पुसता पुसता थांबला. वहिनींच्या यजमानांना तो भाऊ म्हणायचा. “भाऊंना ही खोड होती. किती भांडलोय मी त्यांच्याशी! आधी बसणार, डावा पाय पॅडलवर रोवणार, मग बटण.”

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “पण मी नाही ना ठेवत,” त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात टाकीशी पोचायला त्यांना इतका उशीर झाला, की खालच्या नळांना दुपारी पाणी आलं. लोकांनी तक्रारी केल्या. लेकीचा फोन आला. “आई, पुरे झालं. साहेबांसमोर गाडी ढकलत जाणार आहेस का? ये इकडे, नातवाला सांभाळ.”

“नातू काय, त्याला टाकीवर आण,” वहिनी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या पडवीत जाऊन टायर पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिल्या. साहेब सोमवारी येणार होते.

मला रोज सकाळी खडकापर्यंत फिरायला जायची सवय आहे. रविवारी मी जरा लवकर निघाले, वहिनींचं तिथे काय होतं ते बघायला पानाही त्याची सायकल घेऊन आला, आणि आम्ही दोघं झुडपांच्या आड उभे राहिलो. वारा अजिबात नव्हता. पाइपातून पाणी जाताना येतो तसा घुमल्यासारखा आवाज जमिनीतून येत होता.

वहिनी आल्या. सहज, हलक्या. सायकल बंद करून खडकाला टेकवली, व्हॉल्व्ह फिरवला, हात झटकले. आणि मग त्या नेहमीसारख्या सायकलच्या बाजूला उभ्या राहिल्या नाहीत. वळसा घालून पलीकडून आल्या आणि पुरुषासारखी टांग टाकून आधी बसल्या. डावा पाय पॅडलवर आला, टाच बाहेर वळलेली, आणि सगळा भार त्यावर पडला. हात सावकाश बटणाकडे गेला आणि पडदा उजळला. चेहरा शांत होता. पण तो आमच्या वहिनींचा नव्हता, घाईत असलेल्या कुणाचातरी होता.

पानानं माझा दंड धरला. “बाई, तो पाय... ती टाच...” तो कुजबुजला.

“वहिनी!” मी वर्गातल्या आवाजात हाक मारली.

त्या दचकल्या. “तुम्ही इथे कशा?”

“पाय बघा तुमचा.”

“पाय? काय झालं पायाला? मी तर अजून बसलेच नाहीये.”

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

“बंद करा,” पाना म्हणाला. “पाय खाली घ्या. मग परत चालू करा.”

वहिनींनी बंद केली. पण पाय निघेना. त्यांनी वाकून गुडघ्यापाशी कामाच्या पँटचं कापड दोन्ही हातांनी धरून ओढलं, तरी निघेना. तेव्हा त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. ताट वाढल्यावर माणसाला हाक मारावी, तशा आवाजात म्हणाल्या, “उतरा हो आता. उद्या साहेब येणार आहेत. माझी नोकरी जाईल.”

पाय सुटला. त्या उतरल्या, बाजूला उभं राहून बटण दाबलं, बसल्या आणि मागे न बघता चढावरून गेल्या. इतक्या भरभर, की वळणावर टायरखालचा एक दगड उडाला.

पानानं कपाळ पुसलं. “पॅडलचा जोर मोजणारा सेन्सर बदलून बघू का, बाई?”

“बघ,” मी म्हटलं. सेन्सर अर्थात त्यानं बदलला नाही.

सोमवारी साहेब खात्याची तसलीच सायकल घेऊन आले आणि वहिनींच्या मागे धापा टाकत टाकीशी पोचले. वहिनी कायम झाल्या. लेकीनं फोनवर माघार घेतली आणि नातवाला खरंच टाकी दाखवायला आणणार म्हणाली. मी अभिनंदन करायला गेले, तेव्हा वहिनी पायरीवर साखळी घासत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बाई, मी त्यांना तिथे उतरवलं. गाडी तर मी घेऊन आले. आता ते खाली कसे येतील?”

मी पायरीवरचं तेलाचं फडकं उचलून त्यांच्या हातात दिलं.

आता वहिनी वर जातात त्या सायकलवर. येताना मात्र व्हॉल्व्हपाशी उतरतात आणि सायकल हातात धरून सावकाश चालत खाली येतात. वाट दोघांपुरती रुंद आहे. त्या स्वतः दरीकडच्या कडेनं चालतात, जिथे दगड सुटे आहेत, आणि डोंगराकडची चांगली बाजू मोकळी सोडतात. काल त्या समोरून आल्या, तेव्हा त्यांना वाट द्यावी म्हणून मी त्या मोकळ्या बाजूला सरकू लागले.

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही जरा इकडून या.”