मांजरपाटावरचं गाव

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या आणि मी मालवण बंदरातून मुंबईला निघालो. तेव्हा मी अठरा वर्षांचा. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढताना बाबांनी वळकटी हातात दिली. "पोचलंस की कागद घाल," इतकंच म्हणाले. आई बंदरावर आलीच नव्हती. आमच्या तोंडवली गावच्या घरी उंबऱ्याशी तिने हातावर दही ठेवलं आणि लगेच पाठ फिरवून कामाला लागली. मला रडू आलं नाही. बोटीवरची शिट्टी कुठून वाजते, इंजिनाला कोळसा कोण घालतो, हे बघण्यातच मी गुंतलो होतो.

परळला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. बारा माणसं, बारा ट्रंका, पाळीप्रमाणे निजायचं. गिरणीच्या हपिसात मी 'मला, तुला' बोलायचो. खोलीत शिरलो की 'माका, तुका'.

तिथे तिसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. गावच्या जत्रेत आम्ही चाकरमानी दरवर्षी नाटक करायचो. त्याचा भाड्याचा पडदा फाटका असायचा, त्यावर कुठल्यातरी राजवाड्याचे खांब. आमच्यातला बाबल पाट्या रंगवणाऱ्याकडे कामाला होता. तो म्हणाला, आपणच पडदा रंगवू, आणि त्यावर आपलं गाव काढू.

जाडाभरडा सुती मांजरपाट आणला, शिवला, सरस लावून भिंतीवर ताणला. आणि पहिल्याच संध्याकाळी भांडण जुंपलं. विहीर देवळाच्या उजवीकडे की डावीकडे? वडाला पार होता का? एकाच गावातले आम्ही, पण प्रत्येकाच्या डोक्यातलं गाव निराळं. मला याची फार गंमत वाटली. आपण जन्मलो त्या जागेकडे आपण नीट बघितलेलंच नाही!

आमच्या खोलीतलाच रघू तोवर भांडणात पडला नव्हता. तो किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वाडीतला. त्याचे वडील मासेमारीला गेले ते परत आले नाहीत. तेव्हा त्याच्या आईने शपथ घातली होती, परत होडीत पाय ठेवायचा नाही. म्हणून तो मुंबईला आला तोही एस.टी.ने, घाट चढून, कोल्हापूरमार्गे.

"तुमी सगळे रस्त्यावरसून गाव बघतास," तो म्हणाला. "गावाचा तोंड दर्याकडे आसा. लहानपणी मी बापाशीबरोबर होडयेत बसान बघलंय. तसा काढा."

त्याने कोळशाने एकच लांब रेघ ओढली. वाळू. त्यावर सुरूची झाडं, मागे माड, माडांतून देवळाचा कळस, आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी पाण्याशी, त्याच्या वाडीतली घरं. आमच्या कुणाच्याच चित्रात ती आली नव्हती.

मग मी घरी पत्रं धाडू लागलो. विहिरीला पायऱ्या किती? गेल्या पावसानंतर रघूचं घर नव्याने बांधलं होतं, त्याचं दार आता कुठल्या बाजूला? त्याच्या घरी लिहिणारं-वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून ते मी माझ्या आईलाच विचारलं. धाकट्या बहिणीकडून उत्तर लिहून घेऊन तिने कळवलं की दार दक्षिणेला आहे, अंगणात शेवग्याचं झाड आहे, आणि रघूच्या आईने तिला चहा दिला. कोळ्यांची वाडी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. तिथली मासळी रोज आमच्या दाराशी येई, पण आई आयुष्यात पहिल्यांदा त्या वाडीत गेली होती. पुढच्या पत्रांत मी न विचारलेलंही येऊ लागलं.

जत्रेच्या आदल्या दुपारी आम्ही देवळासमोर पडदा उलगडला. गाव लोटला. जो तो आपलं घर शोधत होता. एका म्हाताऱ्याला गोठा सापडेना, तर बाबलने तिथेच रंगवून दिला. रघूची आई मात्र लांब उभी होती. माझ्या आईने तिला हाताला धरून पुढे आणलं. ती पाण्यालगतची घरं निरखत राहिली.

"मी उभो जन्म हयसून दर्याकडे बघलंय," ती म्हणाली. "थयसून आमी अशे दिसतो, ह्या माका कोणी सांगूकच नाय." मग लेकाकडे वळली. "माका एकदा न्हे थंय."

"आवशी, तुझी शपथ आसा."

"माझीच मां ती? मीच सोडवतंय."

जत्रा उरकल्यावर एका सकाळी रघूने चुलत्याची होडी पाण्यात लोटली. मी पुढे बसलो; दोघी आया मधोमध एकमेकींना घट्ट धरून बसल्या. रघूची वल्ही आधी वेडीवाकडी पडत होती. लाटा ओलांडल्या, मग त्याला वल्ह्याची लय सापडली. बायका किनाऱ्याकडे बघू लागल्या. आई सारखी विचारत होती, ती झाडी कोणाची, तो धूर कोणाच्या घरचो? रघूच्या आईने आपलं घर बघितलं, नंतर पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. माझा संसार मुंबईत झाला. गावी राहिले ते मला मुंबईकर म्हणतात, आणि इथले शेजारी मालवणी म्हणतात. मला दोन्ही चालतं. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, की मला त्या होडीच्या दिवसाची संध्याकाळ आठवते. मी परत निघायची तयारी करत होतो, आणि आईने बहिणीची पाटी माझ्यासमोर ठेवली.

"गाव बघलंय. आता तुझी खोली काढ."

मी चौकोन काढला, खिडकी काढली, बारा ट्रंका काढल्या. तिने पाटी उजेडाकडे धरली.

"आणि ह्यात तू खंय निजतंस?"

खिडकीखालच्या जागेवर मी बोट ठेवलं. तिनेही तिथे बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.